आधी टाकी बघा, मग नीडल फिरवा

या वेळची पत्रं एका बैठकीत वाचून काढली आणि कंट्रोल लाइनवाल्यांच्या (हातातल्या तारांना बांधलेलं इंजिनाचं मॉडेल विमान स्वतःभोवती गोल उडवणाऱ्यांच्या) जवळजवळ प्रत्येक पत्रात तेच वाक्य सापडलं, "नीडल कितीही फिरवली तरी सेट होत नाही". अहो, नीडल म्हणजे इंजिनाला इंधन किती जाईल ते ठरवणारी सुई, नळाची चावीच म्हणा, टाकीतून पाणीच नीट येत नसेल, पाइपात हवा शिरत असेल, तर चावी फिरवून फिरवून काय होणार, फार तर बोटं दुखतील. म्हणून या अंकात फक्त इंधनाचेच प्रश्न घेतलेत. नवीन लोकांसाठी एवढंच सांगतो की रिच म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त आणि लीन म्हणजे कमी, बाकी शब्द ओघात कळतीलच.

प्रश्न: माझं ०.३५ घन इंचाच्या इंजिनाचं प्रोफाइल (चपट्या धडाचं) मॉडेल आहे, टाकी पत्र्याची, वेज (पाचरीच्या) आकाराची. जमिनीवर छान चालतं. सोडल्यावर पंधरा-सोळा फेऱ्या बिनतक्रार, मग आवाज एकदम चढतो, किंचाळतं आणि बंद. उतरवून बघतो तर टाकी जवळपास अर्धी भरलेली. नीडल अर्धा फेरा उघडून पाहिली तर सुरुवातीला नुसतं गुरगुरत राहतं आणि पुढे परत तेच.

उत्तर: तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे "पंधरा-सोळा फेऱ्या". दरवेळी साधारण त्याच फेरीला होतं ना? मग कचरा बिचरा विसरा. कचरा कधी तिसऱ्या फेरीला अडकेल कधी तिसाव्या, त्याला वेळापत्रक नसतं. ठरावीक वेळेला होतंय म्हणजे टाकीतली पातळी ठरावीक जागी आली की होतंय, आणि माझा पहिला संशय टाकीच्या आतल्या पिकअप ट्यूबवर आहे, जी इंधन ओढून इंजिनाला देते ती.

आत काय चाललेलं असतं ते डोळ्यासमोर आणा. १८ मीटरच्या तारांवर सव्वापाच सेकंदांत एक फेरी म्हणजे मॉडेल ताशी ७७-७८ किलोमीटरने पळतंय, आणि त्या वेगाने गोल फिरताना टाकीतल्या इंधनाला बाहेरच्या बाजूला जो रेटा बसतो तो गुरुत्वाकर्षणाच्या अडीचपटीपेक्षा थोडा जास्तच असतो. म्हणजे इंधन तळाशी नसतंच हो, ते बाहेरच्या भिंतीला चिकटून जवळजवळ उभं असतं. म्हणूनच वेज टाकीची निमुळती कड बाहेरच्या बाजूला ठेवतात आणि पिकअपचं टोक त्या कडेत, मागच्या कोपऱ्यात नेऊन सोडतात. आता त्या ट्यूबला मध्येच कुठे केसाएवढी चीर असेल, समजा सोल्डरच्या डागाजवळ, तर जोवर चीर इंधनात बुडालेली आहे तोवर काहीच कळत नाही, ती चीरसुद्धा इंधनच ओढते. पातळी चिरेच्या खाली गेली की ती हवा ओढायला लागते, आणि तुमचं इंजिन किंचाळतं.

तपासायचं असं. टाकी काढा, सिरिंजने मोजून १०० मिली इंधन भरा (टाकी लहान असेल तर मावेल तेवढं, पण मोजून). टाकी हातात अशी धरा की बाहेरची कड खाली आणि मागचा कोपरा सगळ्यात खाली. सिरिंजला पारदर्शक सिलिकॉन ट्यूबचा तुकडा लावून पिकअपमधून सावकाश ओढत राहा, व्हेंट (टाकीत हवा येण्याच्या नळ्या) उघडे ठेवून. चांगली टाकी शेवटच्या चार-पाच मिलीपर्यंत अखंड धार देते. तुमच्या टाकीत बहुतेक असं होईल की ४०-५० मिली शिल्लक असतानाच ट्यूबमध्ये बारीक बारीक बुडबुड्यांची माळ सुरू होईल, मोहरीपेक्षा लहान, एकामागे एक. ती दिसली की समजा चोर सापडला. टाकी उघडून ट्यूब बदला. चिरेवर नुसतं सोल्डर ओतून भागवू नका, इंजिनाच्या थरथरीने ती शेजारी परत फुटते.

ती माळ दिसलीच नाही तर मग टाकीचे सांधे. सगळ्या नळ्या बंद करा, एकीतून सिरिंजने थोडी हवा भरा आणि टाकी पाण्याच्या भांड्यात बुडवा. तोंडाने फुंकू नका, मिथेनॉल विषारी आहे आणि टाकीत ते शिल्लक असतंच.

दोन्ही परीक्षा पास झाली तर राहतो व्हेंटचा प्रकार. साध्या व्हेंटच्या टाकीत इंधन कमी होत जाईल तसा इंजिनापर्यंतचा दाब कमी होत जातो, त्यामुळे उड्डाण शेवटाकडे लीन होत जाणारच, पण हळूहळू, एका फेरीत एकदम नाही. युनिफ्लो टाकीत हवेची नळी आत पिकअपच्या टोकाजवळ आणून सोडलेली असते, हवा तिथेच शिरते म्हणून पातळी काही असो, दाब पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा राहतो. फक्त तिथे इंधन भरल्यावर दुसरी, म्हणजे ओव्हरफ्लोची नळी टोपी लावून बंद करावी लागते. ती टोपी सैल असेल तर तुमच्याकडे युनिफ्लो नाही, साधीच टाकी आहे असं समजा.

प्रश्न: सर, मी पत्रात लिहिलं होतं की सरळ उडताना इंजिन जोरात आणि उलटं उडताना मंद, गुदमरल्यासारखं चालतं. तुम्ही टाकी वर घ्या म्हणालात. घेतली. आता उलटं केलं की जोरात पळतं आणि परवा तर उलटं असतानाच बंद पडलं, मॉडेल कसंबसं वाचवलं. आता काय?

उत्तर: मॉडेल वाचवलंत हे आधी चांगलं केलंत. पण किती वर घेतलीत ते लिहिलंच नाहीत! मी दीड मिलिमीटर म्हणालो होतो, तुमच्या वर्णनावरून पाच-सहा तरी चढवलेली दिसते.

का चढवायला सांगितली ते परत एकदा. टाकीची मधली रेषा स्प्रेबारच्या (इंजिनात इंधन सोडणारी नळी, नीडल हिच्यातच बसते) रेषेपेक्षा खाली असेल तर सरळ उडताना इंजिनाला इंधन वर ओढावं लागतं, ते लीन होतं, जोरात पळतं. मॉडेल उलटं झालं की तीच टाकी इंजिनाच्या वर येते, इंधन आपोआप खाली उतरतं, रिच होतं, मंद पडतं. तुमची आधीची तक्रार अगदी हीच होती. आता टाकी नको तितकी वर गेली म्हणून सगळं उलट झालं. लक्षात ठेवायला सोपं, उलटं असताना जोरात तर टाकी खाली घ्या, उलटं असताना मंद तर वर.

आणि कानावर विसंबू नका, स्टॉपवॉच घ्या. आठ फेऱ्या सरळ, आठ उलट्या, एकाच उंचीवर, मित्राला वेळ मोजायला सांगा. दोन्हीतला फरक मिटेपर्यंत एका वेळी दीड मिलिमीटरची पट्टी घाला किंवा काढा. एकदा हे जमलं ना की लूपमधली (मॉडेल उभ्या वर्तुळात फिरवतानाची) तक्रार बरीचशी आपोआप जाते, कारण आठ मीटर त्रिज्येच्या लूपमध्ये त्याच वेगाने गेलात तर उभ्या दिशेचा रेटा पाचपटीच्या पुढे जातो आणि सरळ उडताना जाणवलीही नसती एवढी उंचीची चूक तिथे पाच-सहापट मोठी होऊन समोर येते. म्हणून ज्यांचं इंजिन आतल्या लूपमध्ये एक आणि बाहेरच्या लूपमध्ये दुसरंच वागतं त्यांनीही आधी हेच बघावं. बघताना नीडल, प्लग, प्रॉप (पंखा) कशालाही हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट. हे मी दर अंकात लिहितो आणि दर अंकात कोणीतरी चार गोष्टी एकदम बदलून मला पत्र लिहितं.

प्रश्न: व्हेंचुरीत (इंजिनाच्या हवा घ्यायच्या तोंडात) दोन थेंब टाकले की इंजिन लगेच सुरू होतं, चार-पाच सेकंद झकास चालतं, मग बंद. परत थेंब, परत तेच. अख्खी सकाळ यातच गेली.

उत्तर: म्हणजे ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, प्लग आहे, फक्त टाकीतून इंधन येत नाहीये. (ठिणगी ही बोलायची पद्धत, ग्लो प्लगला ठिणगी नसते, माहीत आहे, पत्र लिहू नका.)

प्लगची बॅटरी काढून ठेवा. टाकी ते इंजिन ट्यूब पारदर्शक असू द्या, व्हेंचुरीच्या तोंडावर बोट ठेवा आणि प्रॉप हाताने दोन-चार वेळा फिरवा. ट्यूबमध्ये इंधन सरसर पुढे यायला हवं. आलं पण मध्ये बुडबुडे आहेत, तर ट्यूबला भोक आहे किंवा ती निपलवर सैल बसलीय. टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा कापून परत घट्ट बसवा, बहुतेक वेळा ट्यूब टोकालाच फाटते. इंधन हललंच नाही तर कुठेतरी तुंबलंय. नीडल पूर्ण काढून घ्या आणि सिरिंजने स्वच्छ इंधन स्प्रेबारमधून उलट दिशेने जोरात सोडा. स्प्रेबारच्या भोकात तार किंवा ड्रिल घालू नका, भोक मोठं झालं की ते इंजिन पुन्हा कधी नीट सेट होत नाही. इंधन ट्यूबमध्ये नीट येतंय, बुडबुडेही नाहीत, तरी इंजिन बंद, तर नीडलच्या आट्यांमधून हवा शिरत असेल. सिलिकॉन ट्यूबचा छोटा तुकडा आट्यांवर घट्ट चढवून बघा. बॅकप्लेटचे, म्हणजे इंजिनाच्या मागच्या झाकणाचे, स्क्रूही आवळून घ्या.

आणि एक लाजेची गोष्ट सांगतो. असाच एकदा मी जवळपास तासभर प्रॉप फिरवत बसलो होतो. नीडल साफ केली, प्लग बदलला, टाकी काढायला सुद्धा सुरुवात केली, तेव्हा लहान भाच्याने विचारलं, "मामा, या दोन्ही नळ्यांना टोप्या का लावल्यास?" युनिफ्लोची ओव्हरफ्लो टोपी बंद ठेवायची असते, हवेची उघडी, आणि मी सवयीने दोन्ही बंद केलेल्या. टाकीत हवाच जाणार नाही तर इंधन बाहेर कसं येणार. तेव्हापासून हवेच्या नळीच्या टोपीला लाल दोरा बांधलेला आहे. तुम्हीपण बघून घ्या, अख्खी सकाळ गेली म्हणताय म्हणून विचारतो.

प्रश्न: गेल्या मोसमातलं अर्धं कॅन इंधन शिल्लक होतं, झाकण लावून ठेवलं होतं. आता इंजिन बॅटरी लावलेली असेपर्यंत चालतं, काढली की मंद होऊन बंद पडतं. प्लग गेला की इंधन?

उत्तर: दोन्ही असू शकतं, आणि दोघांचं रडणं सारखंच ऐकू येतं ही खरी अडचण आहे.

ग्लो प्लगची तार प्लॅटिनमची असते. मिथेनॉलची वाफ आणि हवा तिच्यावर आली की तिच्या पृष्ठभागावरच रासायनिक क्रिया होऊन उष्णता निघते, त्यात आतल्या स्फोटाची गरमी मिळते आणि बॅटरी काढली तरी तार लाल राहते. १९४७ मध्ये रे आर्डन यांनी हा प्लग बाजारात आणला आणि मॉडेलवर बॅटरी, कॉइल, कंडेन्सर हे सगळं ओझं वाहून न्यायची गरज संपली. पण ही करामत मिथेनॉलची आहे, म्हणून ग्लो इंजिनात पेट्रोल घालून बघू का असं विचारणाऱ्यांना (या वेळी तिघांनी विचारलंय) सरळ उत्तर, नाही.

आता मिथेनॉलची खोड अशी की ते हवेतलं पाणी ओढून घेतं. अर्धं रिकामं कॅन म्हणजे अर्धं कॅन हवा, त्यात झाकण जरा सैल असेल तर बघायलाच नको. पाणी मिसळलं की तार थंड पडते, इंजिन अडखळतं, नीडल कुठेच स्थिर राहत नाही. डोळ्यांनी बघून कळेल असं समजू नका, पाणी मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळतं.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्यांदा नवीन सीलबंद इंधन, प्लग तोच. सुधारलं तर जुनं इंधन दोषी. नाही सुधारलं तर प्लग काढून बघा, तार चमकदार आणि ओली दिसली पाहिजे, पांढरट, खरखरीत किंवा वेडीवाकडी झाली असेल तर टाकून द्या. नवीन प्लग आणि नवीन इंधन दोन्ही घालूनही बॅटरी काढल्यावर वेग पडत असेल तर एक तर फारच रिच चालवताय किंवा प्लग त्या इंधनासाठी थंड आहे. शंकेचं इंधन चांगल्यात मिसळून संपवायचा मोह होतो, मलाही होतो, पण नका करू. पुढच्या वेळी उरलेलं लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, उन्हापासून लांब.

प्रश्न: मित्राकडून रेडिओ कंट्रोल कारचं इंधन मिळालंय, २५ टक्के नायट्रोचं (नायट्रोमिथेन, ताकदीसाठी मिसळतात ते). जुन्या, बेअरिंग नसलेल्या स्टंट (कसरतीच्या) इंजिनात चालेल का? ताकद वाढेल ना?

उत्तर: ताकद वाढेल आणि इंजिन संपेल. त्या इंधनात तेल किती आहे ते बघा, कारच्या इंधनात बरेचदा ८ ते १२ टक्केच असतं. बॉल बेअरिंग नसलेल्या जुन्या लोखंडी पिस्टनच्या इंजिनांना २५ टक्क्यांच्या आसपास तेल लागतं आणि त्यातलं निदान अर्धं तरी एरंडेल. एरंडेल तापलं तरी धातूला चिकटून राहतं, इंजिन चुकून लीन गेलं तर तेच वाचवतं. नायट्रो ५ ते १० टक्के स्टंटला पुष्कळ. एरंडेलाने इंजिन चिकट, तपकिरी होतं हे खरं, मोसमाच्या शेवटी मिथेनॉलमध्ये भिजत घालून पुसून काढायचं, तेवढं करावं लागतं.

प्रश्न: सरळ उडताना इंजिन दर दोन सेकंदांनी वर-खाली होतं, जणू कोणीतरी श्वास घेतोय. नाक वर केलं की बरं चालतं.

उत्तर: जमिनीवर इंजिन चालू असताना मागच्या बाजूने ट्यूबमध्ये डोकावून बघा. आत साबणाच्या फेसासारखं पांढुरकं काही सरकताना दिसलं तर इंधन फेसाळतंय. फेस म्हणजे अर्धी हवाच. कारण बहुतेक वेळा थरथर, आणि थरथरीचं कारण बहुतेक वेळा प्रॉप. बॅलन्स करून बघा, जड पात्याला मागून थोडं घासायचं. इंजिन बसवलेले बोल्ट आवळा, टाकीखाली पातळ फोम ठेवा, टाकी थेट लाकडावर आवळलेली असेल तर तिथेच रोग आहे.

प्रश्न: माझं इंजिन सरळ उडताना गुरगुरत, मंद चालतं आणि नाक वर केलं की तीक्ष्ण आवाजात पळतं. मित्र म्हणतो लीन कर.

उत्तर: मित्राला नीडलपासून लांब ठेवा! स्टंटवाले याच्यासाठी तर महिनोन्‌महिने घालवतात. टू-स्ट्रोक इंजिन रिच असलं की एक फेरा सोडून पेटतं, म्हणून फोर-स्ट्रोकसारखं गुरगुरतं, वर चढताना भार येऊन ते टू-स्ट्रोकवर येतं आणि सरळ झालं की परत गुरगुरतं. याला ४-२-४ म्हणतात. तुम्हाला ते फुकटात मिळालंय.

प्रश्न: ०.०४९ चं रीड व्हॉल्व्हचं (पातळ पट्टीच्या झडपेचं) छोटं इंजिन सुरू होतं पण कधी उलटंच फिरतं, आणि पळायला लागलं की दम तोडतं.

उत्तर: रीडला दिशेचं काही पडलेलं नसतं, म्हणून उलटं सुरू होणं त्या जातीचं वैशिष्ट्यच आहे, बंद करून परत फिरवा. दम तोडतंय ते बहुतेक रीडखाली एखादा धागा अडकल्यामुळे. मागचा भाग उघडा, रीड चिमट्याने न वाकवता उचला, इंधनाने धुवा. कापसाने पुसू नका, त्याचाच धागा परत अडकतो. आणि इंधन भरताना गाळणी लावत जा, एवढ्या लहान भोकांना धुळीचा एक कणही पुरतो.

प्रश्न: डिझेल मॉडेल इंजिनाचं इंधन महिन्याभरापूर्वी मिसळलं होतं, आता कॉम्प्रेशन स्क्रू कितीही आवळला तरी सुरू होत नाही. शिवाय सिलिकॉन ट्यूब फुगून निपलवरून निघतेय.

उत्तर: ईथर उडून गेलंय. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं ते मिश्रण, साधारण तिन्ही सारखे, आणि पेटवायचं काम ईथरच करतं. स्क्रू आवळणं थांबवा आधी, सिलिंडरमध्ये इंधन साठलेलं असताना जास्त आवळून प्रॉप जोरात फिरवला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. स्क्रू परत जुन्या खुणेवर आणा, इंजिन उलटं धरून इंधन निथळू द्या आणि ताजं मिश्रण वापरा, लागेल तेवढंच, घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड जागी आणि आगीपासून लांब, ईथरची वाफ जमिनीलगत सरकत जाऊन कुठेही पेट घेते. ट्यूबचं कारण रॉकेल, सिलिकॉन त्यात फुगतं. डिझेलला निओप्रीनची ट्यूब लावा, आणि तीच ट्यूब मग ग्लो इंजिनाला लावू नका, दोन्ही डब्यांवर नावं लिहून ठेवा.